दार उघडायचं तर एक बटण कायमचं सोडायचं: या गेमचं नेमकं कुठे अडतंय?

उलटी_पायरी

नमस्कार. आठ महिने झाले, रोज रात्री सगळं आवरल्यावर दीड-दोन तास काढून एकटीच एक गेम बनवते आहे. आता अशा जागी आले आहे की कोड नीट चालतं, चित्रं बरी झाली आहेत आणि तरीही गेम उभा राहत नाही. बाहेरच्या नजरेला काय दिसतं ते कळावं म्हणून हा धागा. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर सल्लेही अर्धवट येतील.

कल्पना अशी. बहुतेक गेममध्ये सुरुवातीला हातात काही नसतं आणि मग एकेक ताकद मिळत जाते. आधी साधी उडी, मग दुहेरी उडी, मग पंख. मला हे उलटं करून बघायचं होतं. माझ्या गेममधल्या बाईला पहिल्या मिनिटापासून सगळं येतं. ती पळते, उडी मारते, कडेला धरून लोंबकळते, जड वस्तू ढकलते, हाक मारते आणि बघते. सहा गोष्टी, प्रत्येकीला एक बटण. (बघण्यासाठी कंट्रोलरवरची उजवी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, तिने कॅमेरा फिरतो. बघणं सोडलं की पडदा काळा होतो.) ती एका उंच मनोऱ्याच्या टोकावर आहे आणि तिला खाली उतरायचं आहे. वाटेत सहा दारं. प्रत्येक दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात सहांपैकी एक गोष्ट ठेवायची, मग दार उघडतं. कुठली ठेवायची ते खेळणाऱ्याने ठरवायचं. ठेवलेलं परत मिळत नाही. सहाव्या दारानंतर तिला फक्त चालता येतं.

हे सुचलं 'पॅसेज' खेळताना. जेसन रोररचा २००७ चा गेम, १०० बाय १६ पिक्सेलची एवढीशी पट्टी, पाच मिनिटांत संपतो. त्यात सुरुवातीलाच एक जोडीदारीण भेटते. तिला बरोबर घेतलं की अरुंद वाटांमध्ये शिरता येत नाही आणि तिथल्या पेट्या राहून जातात. कोणी काही समजावून सांगत नाही. आपण दोघं एका फटीपाशी येऊन अडतो आणि तेवढ्यात सगळं कळतं. मला तसं हवं होतं, न सांगता, अडल्यावर कळणारं.

आत्तापर्यंत नऊ जणांना खेळवलं. मी मागे खुर्ची टाकून गप्प बसते आणि वहीत लिहीत जाते. नवांपैकी सहा जण कधी ना कधी 'हे माझ्याकडून का काढून घेताय' अशा अर्थाचं बोलले. दोघांनी तिसऱ्या दारापाशीच कंट्रोलर खाली ठेवला. एकाने सगळा गेम पूर्ण केला आणि म्हणाला, कल्पना झकास आहे, पण दुसऱ्यांदा खेळणार नाही. एक मुलगी उडी सोडल्यानंतरही पुढची दहा मिनिटं प्रत्येक खड्ड्यापाशी उडीचं बटण दाबत राहिली, त्यामुळे मी कंट्रोल्स समजावण्यात कमी पडते आहे असं दिसतं. आणि एक तक्रार सगळ्यांचीच: पुढे पुढे कोडी सोपी होत जातात. हातात सहा गोष्टी असतात तेव्हा डोकं चालवावं लागतं. दोनच उरल्या की विचार करण्यासारखं काही राहत नाही, जे उरलंय ते वापरायचं आणि पुढे जायचं.

तर माझे प्रश्न. शिक्षा वाटू नये म्हणून प्रत्येक दारामागे काही बक्षीस ठेवावं का? सोडलेलं शेवटी परत द्यावं का? कोडी सोपी होत जातात त्याचं काय करू? आणि कुणी कुठल्याही क्रमाने काहीही सोडलं तरी गेम मध्येच अडकणार नाही याची खात्री कशी करायची? सहा गोष्टींचे ७२० क्रम होतात. ७२० वेळा खेळून बघणं मला शक्य नाही.

बिट_मोजणारा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो माझ्या कामातला आहे.

७२० विसरा. तुम्ही कुठल्या क्रमाने काय सोडलं याच्याशी खोलीला काही देणंघेणं नाही. आत्ता हातात काय आहे एवढंच तिला कळतं. सहा गोष्टी, प्रत्येक एक तर आहे किंवा नाही, म्हणजे सगळ्या मिळून ६४ अवस्था. त्याही सगळीकडे येत नाहीत. पहिल्या दाराआधी १, पहिल्यानंतर ६, दुसऱ्यानंतर १५, तिसऱ्यानंतर २०, मग परत १५, ६ आणि शेवटी १. म्हणजे सगळ्यात अवघड मजला तिसऱ्या आणि चौथ्या दाराच्या मधला. तो २० वेगवेगळ्या प्रकारे सुसज्ज असलेल्या बायकांना उतरता यायला हवा. तुमचा सगळा घाम तिथेच जाणार.

हे हाताने तपासत बसू नका. खोलीचा नुसता सांगाडा घ्या. जिथे उभं राहता येतं ती प्रत्येक जागा म्हणजे एक बिंदू. एका बिंदूवरून दुसऱ्यावर जायला जे लागतं ते मधल्या रेषेवर लिहा: उडी, लोंबकळणं, ढकललेली पेटी. मग प्रत्येक अवस्थेसाठी वरच्या दारापासून खालच्या दारापर्यंत वाट सापडते का ते ब्रेड्थ-फर्स्ट सर्चला (जवळच्या बिंदूंपासून सुरू करून एकेक टप्पा पुढे जात सगळ्या वाटा तपासणारी पद्धत) शोधू द्या. साठ-सत्तर ओळींचं काम आहे.

एक सांभाळा. पेटी आत्ता कुठे आहे हेही अवस्थेत धरा. मी एका कोड्यांच्या गेमसाठी असाच शोध लिहिला होता आणि पेटी जागची हललेलीच नाही असं धरून चाललो होतो. गेम बाहेर गेल्यावर तिसऱ्या दिवशी एकाने स्क्रीनशॉट पाठवला. पेटी कोपऱ्यात अडकलेली आणि वाट कायमची बंद. ज्या वाटा माझा प्रोग्राम 'आहेत' म्हणत होता त्या सगळ्या पेटी मूळ जागी असतानाच्या होत्या.

उलटी_पायरी

पेटीचं डोक्यातच आलं नव्हतं. सांगाडा आज रात्रीच लिहायला घेते. २० हा आकडा बघून थोडं दडपण आलंय, पण ७२० पेक्षा खूप बरं. धन्यवाद.

मुठीतली_कळ

तुमच्या वहीतली एक नोंद मी तीनदा वाचली. उडी सोडल्यानंतरही ती मुलगी दहा मिनिटं उडीचं बटण दाबत राहिली, ती. तुम्ही ती नोंद 'कंट्रोल्स समजावण्यात कमी पडले' या खात्यात टाकली आहे. माझ्या मते तुमच्या आठ महिन्यांतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि गेम तिच्याभोवती परत बांधायला हवा. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी बारा-तेरा वर्षं छोटे गेम बनवतोय, बरेचसे ४८ तासांच्या जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात. एका जॅममध्ये मी असा गेम केला की खेळणारा थांबला की पडदा हळूहळू उजळतो आणि हलला की अंधार होतो. ऐकणारा प्रत्येकजण म्हणायचा, वा, काय कल्पना आहे. आणि खेळायला बसलेला प्रत्येकजण दीड-दोन मिनिटांत उठायचा. कारण कळायला मला पुढचे दोन जॅम लागले. ती कल्पना वाक्यातच संपत होती. 'थांबलं की उजेड, हललं की अंधार' एवढं ऐकल्यावर हाताला शोधण्यासारखं काही उरतच नव्हतं.

आता 'सुपरहॉट' बघा. सात दिवसांत फर्स्ट-पर्सन शूटर (पात्राच्या नजरेतून खेळायचा गोळीबाराचा गेम) बनवायच्या एका जॅममधून २०१३ मध्ये निघाला, पूर्ण गेम २०१६ मध्ये आला. तोही एका वाक्यात सांगता येतो: तुम्ही हललात तरच वेळ हलतो. पण खेळायला बसलात की एक गोळी हवेत वीतभर अंतरावर टांगलेली असते, तुम्ही स्टिक केसभर सरकवता आणि गोळीही केसभर पुढे येते. त्या केसभरात जे वाटतं ते वाक्यात नव्हतं. तुमच्याकडे कल्पना आहे, पण हाताला जे कळतं ते तुम्ही अजून शोधलेलं नाही. खरं तर सापडलंय, फक्त दुसऱ्या खात्यात पडलंय.

२००५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी एका सत्रात पन्नासहून जास्त गेम केले. नियम साधे: प्रत्येक गेम एकाच माणसाने करायचा, सात दिवसांच्या आत, आणि ठरलेल्या एखाद्या विषयावर, जसं गुरुत्वाकर्षण. त्यातला काइल गेबलरचा 'टॉवर ऑफ गू' पुढे वाढून २००८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' झाला. चिकट गोळे एकमेकांना जोडून मनोरा रचायचा. रचताना तो डुलायला लागतो आणि आपण खुर्चीत उलट्या बाजूला कलतो. असं अंग कलणं कुठल्या कल्पनेच्या वहीत आधी लिहिता येत नाही. समोर खेळणारा बसला की दिसतं. तुम्हाला ते दिसलं, कारण तुम्ही मागे खुर्ची टाकून बसलात. लोक काय बोलतात त्यापेक्षा त्यांचे हात काय करतात ते बघा.

तर तो अंगठा. तिला माहीत आहे की उडी गेली. कोनाड्यात तिनेच ठेवली. तरी खड्डा दिसला की अंगठा बटणावर जातो. घर बदललं की अंधारात हात जुन्या घरातल्या दिव्याच्या बटणाच्या उंचीवर जातो ना, अगदी तसं. डोक्याने सोडलंय, बोटाने सोडलेलं नाही. तुमचा सगळा गेम याच अंतरावर उभा आहे आणि तुम्ही ते ट्युटोरियल, म्हणजे कंट्रोल्स शिकवणारा धडा, लिहून बुजवायला निघाला आहात. कृपा करून बुजवू नका.

हेच अंतर वापरलेला एक गेम आहे. (ज्यांनी 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' खेळला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

जोसेफ फारेसचा गेम, २०१३ चा. दोन भाऊ, एकच कंट्रोलर. डावी स्टिक आणि डावा ट्रिगर (तर्जनीने दाबायचं मागचं बटण) थोरल्याचा, उजवी बाजू धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती, आई बुडून गेली म्हणून. पोहायची वेळ आली की तो थोरल्याच्या पाठीवर बसतो. काही तासांत आपला डावा हात म्हणजे थोरला असं होऊन जातं. शेवटाकडे थोरला जातो. डावा हात रिकामा. धाकटा एकटाच पाण्याच्या काठावर येतो, आपण उजव्या हाताने काहीही केलं तरी तो पाण्यात उतरत नाही. मग कधीतरी डावं बोट आपोआप थोरल्याचा ट्रिगर दाबतं आणि धाकटा पोहायला लागतो. गेलेल्या माणसाचं बटण. तिथे कोणी काही समजावून सांगत नाही. मी तो प्रसंग एकदाच खेळलोय आणि डाव्या तर्जनीला तो अजून आठवतो.

आता मला सांगा, सोडलेलं बटण दाबल्यावर तुमच्या गेममध्ये काय होतं? माझा अंदाज, काहीच होत नाही. आणि 'काढून घेतलं' ही तक्रार तिथूनच येते. बटण मुकं झालं की खेळणाऱ्याला गेमने त्याला बाहेर ढकलल्यासारखं वाटतं. 'जर्नी'च्या वेळची गोष्ट आहे, २०१२ चा गेम. तो बनवणाऱ्या जेनोव्हा चेनने सांगितलंय की आधीच्या आवृत्तीत खेळणारे एकमेकांना धडकू शकत होते, आणि लोक सोबत्याला मदत करायच्या ऐवजी खड्ड्यात ढकलत होते. माणसं वाईट होती म्हणून नाही. ढकलल्यावर काहीतरी जोरदार घडत होतं, मदत केल्यावर तेवढं घडत नव्हतं. मग त्यांनी धडकणंच काढून टाकलं आणि दोघं जवळ आले की दोघांनाही उडण्याची ताकद मिळेल असं केलं. लोक एकमेकांना बिलगून चालायला लागले. जिथे प्रतिसाद मिळतो तिथे माणूस जातो.

म्हणून माझं म्हणणं, सोडलेल्या प्रत्येक बटणाला काहीतरी होऊ द्या. उपयोगाचं नको, खरं हवं. उडीचं बटण दाबलं की तिचे गुडघे वाकू देत, टाचा किंचित उचलू देत, आणि पाय जमिनीवरच राहू देत. हाकेचं बटण दाबलं की नुसता श्वास आत घेतल्याचा आवाज. ढकलण्याच्या बटणावर तळहात पेटीला टेकतात आणि तिथेच थांबतात.

बक्षीस नको. दारामागे सोन्याची नाणी ठेवलीत की खेळणारा व्यवहार करायला बसेल, उडीचे किती मिळाले आणि हाकेचे किती. आणि शेवटी परत तर मुळीच देऊ नका. परत दिलं की मागचं सगळं सोडणं उसनवार ठरतं.

कानाने_खेळतो

मला दिसत नाही. धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ऐकला.

'बघणं' या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. तुमच्या गेममध्ये लोक ते सहसा शेवटी सोडत असणार. काळा पडदा म्हणजे सगळ्यात मोठा तोटा, असा हिशोब आपोआप होतो. माझ्यासाठी काळा पडदा हीच पहिली खोली. म्हणून विचारतो, बघणं सोडलेली बाई त्या मनोऱ्यात वाट कशी शोधते? फक्त भिंतींना आपटत? तसं असेल तर तुम्ही न दिसणं दाखवत नाही आहात, रिकामा पडदा दाखवताय.

न दिसणाऱ्या माणसाला खोली कळते. पायाखाली दगड आहे की लाकूड, ते पावलाच्या आवाजात असतं. भिंत जवळ आली की स्वतःचाच आवाज जवळ येतो. मोठी पोकळी असेल तर हाक लांब जाऊन परत येते. तुमच्याकडे हाक मारण्याचं बटण आहेच! हाक आणि बघणं या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या आहेत. ज्याने हाक आधी सोडली त्याला बघणं सोडणं फार जड जाईल. ज्याने हाक राखून ठेवली त्याला अंधारात खोलीचा आकार हाकेने कळेल. हा तुमच्या गेममधला खरा डाव होऊ शकतो, आणि तो लिहिलेल्या नियमांमधूनच निघतोय.

आवाजावर अख्खा गेम उभा राहतो का असं कुणाला वाटत असेल तर 'रिअल साउंड: काझे नो रिग्रेट' बघा. म्हणजे ऐका. केंजी एनोने १९९७ मध्ये सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेम कन्सोलवर काढला. पडद्यावर काहीही नाही, सगळा गेम आवाजाचा. त्याला अंध खेळणाऱ्यांची पत्रं यायची, त्यांना भेटून त्याने हे ठरवलं. सेगाने अंध लोकांना १,००० सॅटर्न द्यायचे आणि तो गेमच्या १,००० प्रती देणार, असा सौदा केल्याचं त्याने मुलाखतीत सांगितलं होतं. अलीकडचं म्हणाल तर २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये साठहून जास्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्ज (अपंग खेळणाऱ्यांसाठीच्या सोयी) आहेत आणि न दिसणाऱ्या लोकांनी तो शेवटपर्यंत खेळला आहे.

एक विनंती. पावलांचे आवाज आणि हाकेचा प्रतिध्वनी पहिल्या खोलीपासूनच खरे ठेवा, बघणं सोडल्यावर सुरू करू नका. दिसणारे लोक आधी लक्ष देणार नाहीत. पण पडदा काळा होईल तेव्हा त्यांना कळेल की हे सगळं आधीपासून ऐकू येत होतं. आणि मेनू वाचून दाखवायची सोय केलीत तर मीही तुमचा गेम खेळू शकेन. खेळायची फार इच्छा आहे.

तळमजला

कोडी सोपी होत जातात या प्रश्नावर.

'आउटर वाइल्ड्स'मध्ये, २०१९ चा, तुम्हाला शेवटपर्यंत एकही नवी ताकद मिळत नाही. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि परत पहिल्यापासून. वाढतं फक्त तुमचं माहीत असणं. शेवटचं ठिकाण पहिल्या फेरीतही गाठता आलं असतं, कसं जायचं ते ठाऊक नव्हतं एवढंच. तुमचं उलटं आहे. ताकद कमी होत जाते, तर वाढतं काय? आत्ता काहीच नाही, म्हणून उतार लागतो.

माझी सूचना: मनोऱ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उघडी पोकळी ठेवा. पहिल्या मजल्यावरून खालचे मजले दिसू देत, पुसट का होईना. आणि वरून ढकललेली पेटी खाली पडू द्या. आता सगळ्या गोष्टी हातात असतानाच विचार करावा लागेल: पाचव्या मजल्यावर तो उंच उंबरा आहे, तिथे पोचेन तेव्हा उडी नसेल, मग इथूनच एक पेटी तिथे टाकून ठेवते. ढकलणं कोनाड्यात ठेवण्याआधी खालच्या किती मजल्यांची सोय करायची, हे अवघड कोडं आहे, आणि ते वरच्या मजल्यावर सुटतं. खाली आल्यावर हातात काही नसतं, पण समोर स्वतःच दोन मजले वरून टाकलेली पेटी असते. तिथे कोडं सोपं असायला काही हरकत नाही. तिच्यावर पाय ठेवताना जे वाटेल ते पुरेसं आहे.

बिट_मोजणारा

पोकळीची कल्पना मला फार आवडली, पण मग ६४ राहत नाहीत. पेट्या कुठेही पडू शकल्या तर मोजदाद हाताबाहेर जाईल. पेट्या तीनच ठेवा आणि प्रत्येकीची पडायची जागा ठरलेली असू द्या. पडली किंवा नाही पडली. तीन पेट्यांच्या मिळून ८ अवस्था, ८ गुणिले ६४, म्हणजे ५१२. कॉम्प्युटरला ते काहीच नाही.

उलटी_पायरी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण नुसतं 'करून बघते' लिहायचं नव्हतं.

आधी सांगाडा. प्रोग्राम चालवला तर ५१२ पैकी ३१ अवस्था अडकत होत्या, त्यातल्या बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दाराच्या मधल्या मजल्यावर, सांगितलं होतं तसंच. आता दोनच उरल्या आहेत. मधली पोकळी झाली. त्यासाठी सगळ्या खोल्या गोलाकार कराव्या लागल्या आणि चित्रांचं अर्धं काम नव्याने केलं. वाईट वाटलं नाही.

पावलांचे आवाज चार प्रकारचे केले: दगड, लाकूड, वाळू, पाणी. प्रतिध्वनी अजून नीट जमत नाही, लहान खोलीतही हाक मोठ्या दालनातल्यासारखी घुमते. मेनू वाचून दाखवायची सोय झाली आहे. कानाने_खेळतो, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, तुमच्या वेळेने खेळून सांगा. पहिल्या दोन मजल्यांवर तुम्ही कुठे अडता ते मला कळायला हवं.

आणि बटणं. सहाही बटणांना प्रतिसाद दिला. उडीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. गुडघे जास्त वाकले तर ती दमलेली दिसायची, कमी वाकले तर काही झालंच नाही असं वाटायचं. शेवटी टाच उचलली जाते आणि खाली टेकताना बारीक आवाज येतो, तेवढंच ठेवलं. तो आवाज माझ्याच टाचेचा आहे, रात्री फरशीवर रेकॉर्ड केला.

नवीन पाच जणांना खेळवलं. 'काढून घेतलं' हे शब्द कुणी वापरले नाहीत. एकजण दुसऱ्या दारापाशी सात मिनिटं बसून होता. हाक ठेवावी की लोंबकळणं, ते ठरत नव्हतं. मी वहीत फक्त वेळ लिहिली.

मग ती आधीची मुलगी परत आली, अंगठ्याची. या वेळी मी तिच्या हातांकडेच बघत होते. उडी तिने परत तिसऱ्याच दारापाशी ठेवली. पुढच्या खड्ड्यापाशी अंगठा गेला, टाच उचलली, टेकली. ती थांबली. परत दाबलं. मग खड्ड्याला वळसा घालून पलीकडे गेली आणि सरळ सपाट वाटेवर, जिथे उडीची काही गरज नव्हती, तिथे तिने दर दहा-बारा पावलांनी ते बटण दाबायला सुरुवात केली. शेवटच्या दारापुढे फक्त चालणं उरतं. तिथे तिने एकेक करून सहाही बटणं दाबली, ज्या क्रमाने सोडली होती त्याच क्रमाने. मग काळ्या पडद्यावर फक्त पावलांचा आवाज, वाळूवरचा, आणि ती बाहेर गेली. मी तिला काही विचारलं नाही. तिने कंट्रोलर दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

उरलेल्या दोन अवस्थांपैकी एकीत पेटी पडलेली नाही आणि हातात फक्त लोंबकळणं आणि हाक. चौथ्या मजल्याच्या कठड्याची उंची आज रात्री कमी करून बघते. दुसरीचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. आकृती उद्या इथे टाकते, बिट_मोजणारा यांनी बघावी ही विनंती.